शेडमधलं सी-प्लेन: कामाच्या नोंदी

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

आक्काची पोरगी काल खानापूरहून आली. हातात कमर्शियल परवाना, २०० तास पुरे झालेले, नोकरी नाही. डोक्यात आता सी-प्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारं-उतरणारं विमान, भरलंय. मालदीवला ट्विन ऑटर विमानं फ्लोटवर, म्हणजे चाकांऐवजी लावलेल्या होडीसारख्या पोकळ तरंगत्या पायांवर, चालतात, तिथे वैमानिक अनवाणी उडवतात, हे तिने मला तीनदा सांगितलं. त्यात गुरुवारी दिल्लीत सी-प्लेनसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली, मग काय विचारता. जानेवारीत फ्लोरिडाला जाऊन फ्लोटचं रेटिंग, म्हणजे असलं विमान चालवायची परवान्यावरची नोंद, घ्यायचं तिने ठरवलंय. तिथला तास डॉलरमध्ये.

"मामा, तुझ्या शेडमध्ये सिम, म्हणजे सरावाचं खोटं विमान, बांधूया. जायच्या आधी हात बसला तर दोन-तीन तास तरी वाचतील."

माझी शेड बेळगावच्या उद्यमबागेत. दोन लेथ, एक मिलिंग, मागे रिकामी दहा बाय बारा. जॉबवर्क सध्या बेताचंच आहे. म्हटलं, बांधूया. अट एकच घातली: काय शिकता आलं आणि काय नाही, हे खरंखरं लिहायचं. तिकडून ती फोनवर सांगेल ते मी इथे उतरवणार.

एका एजंटाचा फोनही येऊन गेला. ‘सी-प्लेन सिम कोर्स, सर्टिफिकेटसह, तास लॉगबुकात धरले जातील.’ भाचीने नियम काढून दाखवला. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या यंत्रावरचेच तास धरतात, आणि तेही ठराविक कामांपुरते. फ्लोटच्या रेटिंगला तर किमान तासांची अटच नाही. परीक्षक शेजारी बसतो, तळ्यावर नेतो, विमान सांभाळता आलं तर सही करतो. मग सर्टिफिकेट घेऊन करायचं काय? भिंतीला लावायचं. एजंटाला नमस्कार केला.

१ सप्टेंबर

सांगाडा झाला. दीड इंची चौकोनी पाइप, वर मारुती व्हॅनची सीट. योकचा, म्हणजे विमान वळवायच्या-उचलायच्या चाकाचा, दांडा बेअरिंगवर; तो किती हलला हे कॉम्प्युटरला कळवणारा पॉटेन्शिओमीटर आणि अर्डुइनो भाचीच्या वर्गमित्राने जोडून दिला. सॉफ्टवेअर फ्लाइटगिअर घेतलं. फुकट आहे, आणि त्यातल्या फ्लोटवाल्या सेसना १७२ च्या फाइली उघडून आकडे बदलता येतात, माझ्यासारख्याला तेच पाहिजे.

वॉटर रडर म्हणजे फ्लोटच्या शेपटीला असलेली छोटी सुकाणू. सावकाश चालताना खाली सोडायची, उडताना आणि उतरताना वर ओढून ठेवायची. त्याच्या हँडलला एम-एटीची क्लच केबल लावली. ओढताना हाताला जोर लागतो, झकास.

ब्रेक मात्र लावलाच नाही. फ्लोटवर ब्रेक नसतो. भाची बसली, इंजिन चालू केलं आणि विमान पुढे सरकायला लागलं तसे तिचे दोन्ही पंजे पेडलच्या वरच्या टोकावर दाबले गेले. दहा वेळा सांगितलं, दहा वेळा दाबले. म्हणजे २०० तासांचा खऱ्या विमानाचा अनुभव इथे आडवा आला. हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलेलं, सिम खोटं शिकवेल आणि विमान खरं. पहिल्याच दिवशी उलटं निघालं.

१५ सप्टेंबर

गणपतीत काम बंदच. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता गळत होता, तो मात्र माझ्या गळ्यात. चामड्याची पट्टी उकलून नवी चिकटवली, रात्रीपर्यंत वजन ठेवून दाबली.

भाता हातात असताना भाचीला एडविन लिंकची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा माणूस, घरचा धंदा पाइप ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा. त्याने १९२९ मध्ये ऑर्गनचेच भाते आणि झडपा वापरून जमिनीवर डुलणारं खोटं विमान केलं. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, हलवली की भात्यात हवा भरते-सुटते आणि डबा झुकतो. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीला विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांना टपालाची विमानं उडवायला लावली, ते खराब हवेत आंधळेपणाने उडता येत नसल्यामुळे पडायला लागले, तेव्हा सैन्याने लिंककडून सहा ट्रेनर घेतले.

त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं असं, की लिंकचा डबा ढगात उडायला शिकवत होता. बाहेर काही दिसतच नाही, फक्त घड्याळं बघायची. डब्यालाही बाहेरचं काही दाखवायचं नव्हतं. जिथे डोळ्यांचं काम नाही तिथे खोटं विमान खऱ्याच्या अगदी जवळ जातं.

भाची म्हणाली, "खरं मामा, फ्लोटवर तर सगळं बाहेरच बघायचं असतंय."

तेच तर.

६ ऑक्टोबर

विमान पाण्यातून सुटतं कसं, हे मला पडद्यावर कळेना. म्हणून पॅटर्नवाल्या मिस्त्रींकडे गेलो. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात त्यांची हयात गेली. सत्तरी ओलांडली तरी पटाशीला धार स्वतःच लावतात.

त्यांना हिशोब सांगितला. १७२ च्या फ्लोटला २००० चा फ्लोट म्हणतात, म्हणजे तो अख्खा बुडला तर २,००० पौंड पाणी बाजूला सारतो. दोन मिळून ४,०००. नियम असा, की दोन्ही फ्लोटनी मिळून विमानाच्या वजनापेक्षा ८० टक्के जास्त तोललं पाहिजे. विमानाचं वजन २,२२० पौंड. गुणिले १.८ केलं तर ३,९९६. चार पौंड शिल्लक! मिस्त्रींना हे फार आवडलं. "माप असं पाहिजे बघ," म्हणाले. शिवाय प्रत्येक फ्लोटच्या आत किमान चार कप्पे, एक फुटला तरी बाकीचे तोलतात. रोज उडायच्या आधी प्रत्येक कप्प्यातलं झिरपलेलं पाणी पंपाने काढायचं.

आम्ही एकास दहा मॉडेल ठरवलं. वीस फुटांचा फ्लोट दोन फुटांचा होतो. वजन मात्र दहापट नाही, हजारपट कमी. विमान हजार किलोचं, म्हणजे मॉडेलचं एक किलो, त्यातलं अर्धं एका फ्लोटवर. मिस्त्री दोन फ्लोट करतील: एक तळाला गुळगुळीत, दुसरा मध्यापासून थोडा मागे खाच पाडलेला. त्या खाचेला स्टेप म्हणतात.

खाच कशाला, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगायच्या आत स्वतःच उठले. स्वयंपाकघरातून पळी आणली, दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल धरली आणि पाठीकडून नळाच्या धारेला टेकवली. धार पळीला ढकलेल असं वाटतं. पळी धारेतच ओढली गेली. "गोल पाठीला पाणी सोडत नाही. कोपरा पाडला की सुटतंय."

साधी पळी आणि नळ. मी पंधरा दिवस इंटरनेटवर वाचत होतो.

२० ऑक्टोबर

धुपदाळहून निघणाऱ्या डाव्या कालव्यावर गेलो. काठाने कच्चा रस्ता आहे. बाइक मी चालवली, मागे शेडमधला पोरगा बांबू आडवा धरून, बांबूच्या टोकाला दोरी, दोरीत स्प्रिंगचा काटा, शेवटी फ्लोट. मिस्त्री पुलावर छत्री घेऊन.

वेगाचंही गणित असतं. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात जहाजांच्या मॉडेलवरून ते बसवलं. मॉडेल दहापट लहान असेल तर वेग दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागायचा. खरं विमान ताशी ८०-९० किलोमीटरला पाणी सोडतं. आमची बाइक २५ ते २८ ला पळवली की झालं. अमेरिकेत याच कामासाठी १९३१ पासून लांबच लांब हौद होता. आमच्याकडे कालवा होता आणि म्हशी होत्या.

गुळगुळीत फ्लोट: वेग वाढेल तसा काटा वाढतच गेला, नाक वर, शेपूट पाण्यात रुतलेली, मागे मोठी लाट. २० च्या पुढे दोरी तुटली.

खाचवाला: सुरुवातीला तोही तसाच रुसला. नाक वर, काटा वर. पंधराच्या आसपास एकदम काहीतरी सुटलं. फ्लोट उठून पाण्याच्या वर आला, सपाट झाला आणि काटा मागे सरकला. मागे बसलेला पोरगा ओरडला, "मालक, हलकं झालं!" वेग वाढलेला आणि ओढ कमी झालेली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

यात एक लबाडी आहे. आमच्या मॉडेलला पंख नव्हते. खऱ्या विमानाचं वजन वेगाबरोबर पंख उचलत जातात, फ्लोटवरचा भार कमी होत जातो. त्यामुळे आकड्यांना अर्थ नाही, म्हणून ते लिहीतही नाही. तरी हाताला जे कळलं ते कळलं.

संध्याकाळी सिमवर तेच करून पाहिलं. योक पूर्ण मागे, पूर्ण ताकद. नाक उठतं, थोड्या वेळाने दुसऱ्यांदा उठतं, तेव्हा योक हळूच पुढे सोडायचा, विमान खाचेवर चढतं. सिममध्येही हे सगळं ओळीने होतं. पण माझ्या सिममध्ये योक कसाही धरला तरी चढतंय. कालव्यावर दोरीची गाठ बोटभर वरखाली झाली तरी फ्लोट उसळ्या मारत होता. फाइलीतले आकडे बदलायला हवेत.

१० नोव्हेंबर

काल विजयवाड्याहून श्रीशैलमला ट्विन ऑटरचं प्रात्यक्षिक उड्डाण झालं, उद्या केरळात बोलगट्टी ते मट्टुपेट्टी. भाचीने व्हिडिओ दहादा पाहिला. २०२० मध्ये ३१ ऑक्टोबरला साबरमतीवरून केवडियाला असंच सुरू झालं होतं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये थांबलं, ही आठवण मी करून दिली. आक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा घ्यायला आत गेलो.

आजचं काम: सावकाश चालणं. इथे सिमची पंचाईत झाली.

हवेत विमान सिममध्ये शहाण्यासारखं वागतं. पाण्यावर वेगात असलं तरी बरं वागतं. ताशी पाच-सात किलोमीटरला आलं की मात्र त्यात जीव राहत नाही. खरं विमान पाण्यावर कधीच उभं राहत नाही. इंजिन चालू म्हणजे पुढे, बंद म्हणजे वारा नेईल तिकडे. शेपटीचा उभा पंख वाऱ्यात सापडतो आणि नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं, देवळाच्या कळसावरच्या पताकेसारखं. सिममध्ये नाक वळतं, पण तो हिसका, तो ओघ, लाकडी धक्क्याला घासणारा फ्लोट, काहीच नाही. माझ्या पडद्यावर विमान धक्क्यातून आरपार गेलं.

मिस्त्री बघत होते. ते कृष्णाकाठचे, चिकोडी तालुक्यातले. लहानपणी पुराच्या दिवसांत गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जायचे. म्हणाले, "काहिलीला पुढं-मागं नसतंय. वल्हं मारलं की गरगर फिरती. तिला न्यायची नसती, ती जाती तिकडं काठ आला की धरायचं असतंय. हे तुझ्या टीव्हीत कसं येणार?"

२४ नोव्हेंबर

लाईट तीनदा गेली. तिसऱ्या वेळी हार्ड डिस्कच गेली. आकडे पुन्हा भरले. दुसरं काही नाही.

८ डिसेंबर

सीटखाली वायपरची मोटर लावली, तिच्या दांड्यावर एककेंद्री नसलेली चकती. पाण्यावर विमान पळतं तेव्हा सीट थरथरते, पाणी सुटलं की थांबते. भाची खूश. मी जास्त खूश.

वाचनात रॉस्को नावाच्या संशोधकाचं काम आलं, १९७० च्या दशकातलं. सिमचा एक तास विमानाचा किती वेळ वाचवतो, हे त्याने शिकाऊ वैमानिकांचे गट पाडून मोजलं. सुरुवातीचे तास भरपूर वाचवतात, नंतरचे कमी कमी. तिखटासारखं आहे, पहिल्या चिमटीने चव येते. भाचीला म्हटलं, रोज चार-चार तास बसू नकोस. ऐकते कुठली.

२२ डिसेंबर

पहाटे हिडकलला गेलो. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, घटप्रभेवरचं धरण. मला आरशासारखं पाणी बघायचं होतं. भाचीच्या पुस्तकात फ्लोटवाल्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणून वादळ नाही, लाटा नाहीत, हेच लिहिलंय: वारा पडलेलं, निवांत पाणी. वरून बघताना त्याची उंची कळत नाही. पाणी दिसत नाही, त्यातलं आभाळ दिसतं. वैमानिकाला वाटतं अजून वीस फूट आहे, आणि नाक आपटतं. किंवा वाटतं टेकलोच, तो विमान सावरून धरतो आणि वीस फुटांवरून खाली पडतो.

सात वाजता पाणी तसंच होतं. एका मासेमाराच्या होडीत बसलो. मध्यावर गेल्यावर मोबाइल पुढे धरून पाण्याचे फोटो काढत वाकलो होतो. वल्ह्यापासून पाणी किती खाली आहे हे खरंच कळेना. हात घातला तर मनगटापर्यंत ओला झाला, मला वाटलं होतं अजून वीतभर आहे. होडीवाला अण्णा हसायला लागला. म्हणाला, "नीर नोडब्याडा, दंडी नोड." पाण्याकडे बघू नको, काठ बघ.

भाचीने माझ्याकडे बघितलं. तिच्या पुस्तकात हेच आहे: काठाला लागून या, काठावरची झाडं डोळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या. शेवटची खूण सुटायच्या आधी नाक किंचित वर, ताकद एकसारखी, मिनिटाला दीडशे फूट उतार, आणि मग हात न लावता वाट बघा. पाणी येईल तेव्हा येईल. सावरायला जायचं नाही. शंभर फुटांवरून असं उतरायला ४० सेकंद लागतात. साठ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटरला, तेवढ्या वेळात विमान सव्वा किलोमीटर पुढे जातं. चाळीस सेकंद काहीही न करता बसायचं, हे वैमानिकाला फार जड जातं म्हणे. मलाही जाईल.

परत येताना गाडीत एक गोष्ट सुचली ती लिहून ठेवतो. सिमचं सगळ्यात मोठं व्यंग काय? पडदा सपाट आहे, त्याला खोली नाही. शेवटचे दहा फूट डोळ्यांना कळत नाहीत, म्हणून साध्या धावपट्टीवर उतरायला सिम वाईट शिकवतं. पण आरशासारख्या पाण्यावर खरा वैमानिकही तितकाच आंधळा असतो. म्हणजे तिथे सिम आणि खरं पाणी एका पंगतीला येतात. लिंकचा डबा ढगात जसा उपयोगी होता, तसा आमचा पडदा निवांत पाण्यावर असायला हवा.

२९ डिसेंबर

डावीकडे दुसरा पडदा लावला, काठ दिसण्यासाठी. जुना मॉनिटर, शेजारच्या शेडमधून मागून आणला. सिममध्ये वारा शून्य. भाची काठाला लागून येते, मी घड्याळ लावतो. पहिल्या दिवशी तिला दहा सेकंदांपेक्षा जास्त धीर धरवला नाही, योक मागे ओढायचीच. आज सलग सहा वेळा हात न लावता बसली. सातव्या वेळी मीच ओरडलो, "आलं आलं!" ती म्हणाली, "तू बाहेर जा मामा."

१३ जानेवारी २०२५, सोमवार

सकाळी साडेसहाला फोन, तिकडे रात्रीचे आठ. पहिली बातमी: विमान सेसना नाहीच. पिवळा पायपर कब आहे, तोही फ्लोटवर. योक नाही, स्टिक. शेजारी-शेजारी नाही, पुढे-मागे बसायचं. माझ्या योकवर डावा हात आणि थ्रॉटलवर (इंजिनची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यावर) उजवा बसवला होता. कबमध्ये थ्रॉटल डावीकडे, स्टिक उजव्या हातात. चार महिन्यांची सवय एका सकाळीत उलटी. मी विचारलंच नव्हतं, आणि तिला वाटलं मला माहीत असेल.

दुसरी बातमी: इंजिनला स्टार्टर नाही. एका माणसाने फ्लोटवर, पंख्याच्या मागे उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. इंजिन धरलं की विमान लगेच चालायला लागतं. ब्रेक कुठला? फ्लोटवरचा माणूस तसाच आत चढतो. "मामा, तुझ्या सीटमध्ये बसून मी चार महिने नुसतं एक बटन दाबत होते."

ब्रेक दाबायची सवय मात्र गेली आहे. तेवढं आपलं.

१५ जानेवारी

आज तिने विमान उलटं नेलं. इंजिन बंद, वॉटर रडर वर, दार उघडं ठेवून. वारा विमानाला मागे ढकलतो आणि शेपूट जिकडे वळवाल तिकडे ते शिडासारखं सरकतं. तसंच मागे मागे काठाच्या वाळूला लावलं. एका तासात दोनदा जमलं, तीनदा पाणवनस्पतीत घुसलं. शिक्षक काही बोलत नाही म्हणे, फक्त वल्हं हातात देतो. फ्लोटला वल्हं बांधलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींना सांगितलं. "काहील," एवढंच म्हणाले आणि रंधा मारत राहिले.

१७ जानेवारी

आज पाणी आरशासारखं मिळालं. शिक्षकाने सांगितलं आणि ती पहिल्याच वेळी बसली, हात न लावता, टेकेपर्यंत. शिक्षकाने विचारलं, आधी कुठे केलंयस? म्हणाली, मामाच्या शेडमध्ये. त्याला काय कळलं असेल देव जाणे.

मी विचारलं, टेकल्यावर सीट थरथरली का? ती थोडा वेळ गप्प बसली. "नाही. तुझ्या मोटरीसारखं काहीच नाही. काहीच लागत नाही. टेकलं हे मला कळलंच नाही, फक्त कमरेचा पट्टा हळूच पुढे ओढला गेला, आणि मग आवाज आला, कापड फाडल्यासारखा." लाटा असल्या की मात्र फ्लोटच्या पत्र्यावर खडे मारल्यासारखं वाजतं, तेही सीटमधून नाही, पायांतून.

म्हणजे वायपरची मोटर चुकीच्या जागी होती आणि निवांत पाण्यावर तर ती मुळीच नको होती. सिमने टेकल्याची वर्दी दिली, खऱ्या पाण्याने दिली नाही. ती वर्दीची वाट बघत बसली असती तर? तिने ते बोलून दाखवलं नाही. मी रात्री मोटर काढली.

खाचेवर चढल्यावर स्टिकचा एक अरुंद पट्टा असतो, त्याबाहेर गेलं की विमान डॉल्फिनसारखं उसळ्या मारायला लागतं आणि प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी. स्टिक मागे, ताकद बंद, हाच उपाय. हे तिला दोनदा झालं. दुसऱ्या वेळी तिचा डावा हात हवेत गेला म्हणे, कीबोर्डवर पॉज दाबायला. हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

१९ जानेवारी

परीक्षा पास. आक्काने गल्लीत पेढे वाटले. आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवान्यावर हे चढवून घ्यायचं प्रकरण वेगळं, ते कागदाचं काम आहे, त्याला सिम नाही.

गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न: हडसन नदीत उतरवलं तसं का? १५ जानेवारी २००९, वैमानिक सलेनबर्गर, १५५ माणसं सुखरूप. ते जेट होतं, त्याला फ्लोट नव्हते, हे सांगून थकलो. एक मात्र खरं, त्या माणसानेही पाण्यावर उतरायचा सराव सिममध्ये केलेला नव्हता. एअरलाइनवाल्यांची सिम इतकी पक्की की नव्या जातीचं विमान अख्खं त्यातच शिकता येतं. पण ते धावपट्टीचं ज्ञान. धावपट्टी काल जिथे होती तिथेच आज असते.

२ फेब्रुवारी, रविवार

भाची आली. हातावर उन्हाची रेघ, उजव्या नडगीवर मोठा निळा डाग. डाग कसा पडला विचारलं तर म्हणाली, धक्का.

तिकडे सगळ्यात अवघड काय गेलं? उडणं नाही, उतरणं नाही. शेवटचे तीस फूट. धक्का समोर, वारा बाजूने. इंजिन कधी बंद करायचं हे वैमानिकाने ठरवायचं. लवकर केलं तर विमान अलीकडेच थांबतं आणि वारा घेऊन जातो. उशिरा केलं तर धडक. बंद केलं की सुटका नाही, लगेच हेडसेट काढ, पट्टा सोड, दारातून बाहेर फ्लोटवर पाय, हातात दोरी, आणि विमान धक्क्याला लागायच्या आत तू धक्क्यावर. एका वेळी तू वैमानिक, पुढच्या क्षणी खलाशी. पहिल्या दिवशी तिचा पाय हेडसेटच्या वायरीत अडकला. तो डाग तिथला.

सिममध्ये आम्ही विमान धक्क्यापर्यंत आणायचो आणि एस्केप दाबून चहा घ्यायला जायचो.

९ फेब्रुवारी

भाचीच्या सांगण्यावरून दोन कामं केली. कीबोर्डवरचं पॉजचं बटन उपटून टाकलं, तिथे आता भोक आहे. आणि सीटच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच, सहा इंची फळी बसवली. मिस्त्रींनी तिला वरून फ्लोटसारखी गोलाई दिली आणि मेण लावलं, कारण फ्लोट ओला असतो. फळीच्या टोकाला दोरी, समोर लेथच्या पायाला बांधलेला ट्रकचा टायर. तो धक्का.

पडद्यावर विमान धक्क्याकडे येतं, इंजिन बंद करायचं, पण सिम थांबवायचं नाही. विमान सरकत राहतं, वारा त्याला ढकलत राहतो. तेवढ्यात माणसाने सीटमधून उठून, फळीवरून चालत जाऊन, दोरी टायरला दोन वेढे मारायची. विमान पडद्याबाहेर जायच्या आत.

भाचीने चप्पल काढली आणि पहिल्याच फेरीत नऊ सेकंदांत केलं. शेडमधला पोरगा चौथ्या फेरीत. दुपारी मी बसलो. इंजिन वेळेवर बंद केलं, पट्टा सोडला, एक पाय फळीवर ठेवला, तोल सावरला आणि दुसरा पाय टाकताना मान मागे ओढली गेली. हेडफोन कानावरच होता. वायरीने यूएसबीचा डबा टेबलावरून खाली आणला, दोन्ही पडदे काळे.

"मामा," मागून आवाज आला, "पाय मोडला नाही ना?"

उद्या: हेडफोनला खुंटी, सीटच्या उजवीकडे, हात जाईल तिथे. यूएसबीचा डबा सांगाड्याला क्लॅम्पने. फळीवरचं मेण तसंच ठेवायचं.